काचेच्या बागेत एकटीनं

बाईनं एकटीनं कुठं जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "बरोबर कोण आहे?" लहानपणी माझ्याबरोबर धाकटा भाऊ असायचा. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. अर्ध्या वाटेवर त्यालाच कडेवर घ्यावं लागे. पण सोबत मात्र त्याची! लग्नानंतर 'हे' आले, मग मुलं आली, आणि आता पासष्टी उलटल्यावर लेक-जावई. सोबत बदलत गेली, प्रश्न काही बदलला नाही.

मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्यासारख्या आयांना तर हा प्रश्न जास्तच छळतो. तिथं घराबाहेर पडायचं म्हणजे मोटार हवी, मोटार चालवायला मुलं हवीत, आणि मुलांना सुटी शनिवार-रविवारची. त्यातला शनिवार धुण्यात आणि आठवड्याच्या सामानात जातो. उरलेल्या रविवारी सगळे मिळून कुठं गेलंच, तर आपलं काम ठरलेलं. बाळाची गाडी धरायची, सगळ्यांचे कोट सांभाळायचे आणि "आई, तुम्ही बसा इथं, आम्ही आलोच" म्हटलं की बाकावर बसायचं. तक्रार नाही हो! पण परत आल्यावर शेजारीण विचारते, "काय काय पाहिलंत?" तेव्हा आठवू लागलं की बाकच डोळ्यांपुढे येतात.

सिॲटल शहराच्या आसपास, बेलव्ह्यू, रेडमंड या गावांत संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी आपली मुलं-मुली पुष्कळ. त्यामुळे नातवंडांपायी तिकडे गेलेल्या मराठी आज्या संध्याकाळी बागेत हटकून भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकींनी शहरातला तो ६०५ फूट उंचीचा 'स्पेस नीडल' नावाचा मनोरा पाहिलेला असतो. त्याच्या पायथ्याशीच काचेची एक बाग आहे. ती पाहिलीत का म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, "हो, भोज्याला शिवून आलो. बाळ रडत होतं ना!"

ही बाग भोज्याला शिवून येण्यासारखी नाही. मी ती जून २०२३ मध्ये एका मंगळवारी एकटीनं पाहिली, चांगले चार तास. तिचं नाव 'चिहुली गार्डन अँड ग्लास'. डेल चिहुली या काच-कलावंताच्या कामाची ही कायमची मांडणी २१ मे २०१२ रोजी उघडली. त्याआधी त्या जागेवर 'फन फॉरेस्ट' नावाचं जत्रेसारखं मैदान होतं, पाळणे, चक्रं, मुलांच्या छोट्या गाड्या असलेलं. ते बंद पडल्यावर तिथं पैसे घेऊन दाखवायची काचेची बाग कशाला, सगळ्यांना बसायला साधी हिरवळच ठेवा, असं म्हणणारे लोक गावात कमी नव्हते. शेवटी बाग झाली आणि करारापोटी शेजारी मुलांसाठी मोफत क्रीडांगणही झालं. मला विचाराल तर हिरवळ मागणाऱ्यांचंही काही चुकत नव्हतं.

घरातून निघणं

"आई, शनिवारी आपण सगळेच जाऊ ना," असं लेक म्हणाली, तिला चार शनिवार होऊन गेले. एकदा नातीला ताप, एकदा कुणाची वास्तुशांत, एकदा पाऊस, आणि चौथ्या शनिवारी जावयांचं ऑफिसचं काम. सोमवारी रात्री भांडी आवरताना मी म्हटलं, "उद्या नात पाळणाघरात आहे, तर मी जाऊन येते."

लेकीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "एकटी?"

"तू आठ महिन्यांची होतीस तेव्हा तुला पाळणाघरात सोडून ठाण्याहून फोर्टातल्या नोकरीला मी एकटीच जात होते. मोजून अकरा वर्षं. तेव्हा कुणी विचारलं नाही एकटी का म्हणून."

ती काही बोलली नाही. जावई म्हणाले, "आई, जाऊन या तुम्ही. फक्त फोन पूर्ण चार्ज करून न्या." मग दोघं रात्री साडेदहापर्यंत माझ्या फोनमध्ये नकाशे भरत बसली.

जाणं खरंच सोपं आहे. बेलव्ह्यूहून मी सिॲटलची बस घेतली. पासष्टीवरच्यांना तिथं कमी भाड्याचं कार्ड मिळतं, ते आधी काढून ठेवावं म्हणजे चिल्लर शोधत बसावं लागत नाही. बस वॉशिंग्टन सरोवरावरून जाते, आणि तिथला पूल खांबांवर उभा नाही बरं का! काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यावर तरंगत ठेवून त्यांवर रस्ता केला आहे. मोटारीतून तीनदा गेले होते, पण मागच्या सीटवर नातीला खिमट भरवताना पूल कोण पाहतं?

गावात उतरल्यावर वेस्टलेक नावाच्या ठिकाणी जिना चढून मोनोरेल पकडायची. १९६२ साली तिथं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा मनोऱ्याबरोबरच ही गाडी बांधली. मैलभराचं अंतर आणि दोन मिनिटांचा प्रवास, चार पापड भाजून होईतो संपतो. वेस्टलेकपर्यंत चालताना फुटपाथवर तंबू टाकून बसलेली, स्वतःशीच बोलणारी बेघर माणसं दिसतात. श्रीमंत शहराचं ते दृश्य बघून पोटात कालवतं. पण ती आपल्या वाटेला जात नाहीत. पर्स पुढे धरून आपण सरळ चालत राहावं, म्हणजे झालं. लेकीचा पहिला फोन इथंच आला.

ती माउली

बाग पाहण्याआधी या चिहुलीची थोडी माहिती असलेली बरी. ती मी आदल्या आठवड्यात ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचली होती. जन्म १९४१ चा, सिॲटलजवळच्या टॅकोमा गावचा. १९५७ साली थोरला भाऊ नौदलाच्या विमानाच्या शिक्षणात अपघातानं गेला आणि पुढच्याच वर्षी वडील हृदयविकारानं. घरात उरले हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि आई, व्हायोला. तिनं नोकरी धरली. शिकायची इच्छा नसलेल्या या पोराच्या मागे लागून त्याला कॉलेजात घातलं. आणि एवढं सगळं अंगावर कोसळलेलं असताना घराभोवतीची फुलांची बाग मात्र सोडली नाही.

मुलगा विणकाम शिकला, विणता विणता कापडात काचेचे तुकडे गुंफू लागला. १९६५ साली एका रात्री त्यानं तळघरात काच वितळवली, एका नळीचं टोक त्यात बुडवलं आणि फुंकर मारली. फुगा आला! तिथून पुढे १९६८ साली इटलीत, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारखान्यात शिकायला. १९७१ साली सिॲटलच्या उत्तरेला पिलचक इथं काचकामाची शाळा काढण्यात तो होता. १९७६ साली इंग्लंडमध्ये मोटारीच्या अपघातात काचाच घुसून डावा डोळा गेला. तीन वर्षांनी समुद्रात खांदा निखळला आणि जड नळी पेलणं संपलं. तेव्हापासून तो चित्रं काढून दाखवतो, सांगतो, आणि काम त्याची माणसं करतात.

मुरानो मीही पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर 'हे' आणि मी युरोपला गेलो होतो. तिथं एका कारागिरानं दोन मिनिटांत लाल गोळ्यातून घोडा काढून दाखवला आणि आम्ही टाळ्या संपवतो न संपवतो तोच आम्हा बेचाळीस जणांना दुकानात सोडलं. घोडा दोन मिनिटं, दुकान पाऊण तास. तेव्हाच मनात राहून गेलं होतं की ही काच एकदा सावकाश पाहायची.

आत

पहिल्याच दालनात काळोख, आणि काळोखात जमिनीतून उगवल्यासारखे दुधट पांढरे काचेचे देठ, आतून उजळलेले. ते शिडीवर उभं राहून वरून खाली काच ओघळू देऊन केलेले आहेत. आपण उंचावरून पाकाची धार सोडून बघतो, तशी.

त्यापुढच्या दालनात टोपल्या आहेत. टॅकोमाच्या संग्रहालयात चिहुलीनं तिथल्या मूळ रहिवाशांनी विणलेल्या जुन्या टोपल्या पाहिल्या. वर्षानुवर्षं एकावर एक ठेवून त्या स्वतःच्या वजनानं बसल्या होत्या, कडा कलल्या होत्या. दुसरा कुणी म्हणाला असता, अरेरे, खराब झाल्या. यानं १९७७ पासून काचेच्या टोपल्या तशाच केल्या, बसक्या, कललेल्या, एकीच्या पोटात दुसरी. खऱ्या टोपल्याही शेजारीच मांडल्या आहेत. विणणाऱ्या त्या बायकांची नावं पाटीवर नाहीत, एवढं मात्र मला खटकलं. आपल्याकडच्या गोधड्यांचंही असंच आहे म्हणा!

मग वीस फुटी निळा समुद्रस्तंभ, त्यात लपलेले तारामासे आणि अष्टपाद. मग एक खोली जिचं छतच काचेचं, आणि त्यावर रंगीत शंख-शिंपल्यांसारखे शेकडो आकार पसरून वरून दिवे सोडलेले. माझी साडी पांढऱ्या जमिनीची होती. पदरावर केशरी, जांभळे, हिरवे डाग उमटले, सरकले. तिथं मी मान वर करून किती वेळ उभी होते कोण जाणे. मान दुखली तेव्हा बसले, आणि बसून पुन्हा पाहिलं. एक कुटुंब आलं, फोटो काढून गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. मला "चल आई, पुढे" म्हणणारं कुणी नव्हतं.

ज्या झुंबरांचा एवढा बोलबाला, त्या दालनात मात्र मी फारशी रमले नाही. मिठाईच्या दुकानात सगळे रंग एकदम अंगावर येतात तसं झालं. तिथून पाच मिनिटांत निघाले. एकटीनं जाण्याचा हाही फायदा, न आवडलेलं कुणाच्या भिडेखातर पाहत बसावं लागत नाही.

नावेचं दालन बघा. दोन लाकडी होड्या, एकीत काचेचे चेंडू आणि दुसरीत फुलांसारखे लांबट आकार, खाली काळ्या आरशात सगळ्याचं प्रतिबिंब. १९९५ साली फिनलंडमध्ये चिहुलीनं केलेल्या काचेच्या वस्तू नदीत फेकून पाहिल्या, त्या तरंगू लागल्या, आणि गावातली पोरं होड्या घेऊन त्या गोळा करायला धावली. त्या होड्या भरलेल्या पाहून ही कल्पना निघाली. पोरांच्या उनाडपणातून केवढं मोठं काम!

आणि मग 'मॅकिया'चं दालन. मॅकिया म्हणजे इटालियन भाषेत डाग. भल्यामोठ्या अळूच्या पानांसारखी, कडा मुरडलेली भांडी, एकेक उंच खांबावर. आतला रंग एक, बाहेरचा दुसरा, कडेला तिसऱ्या रंगाची बारीक किनार, अगदी काठपदराच्या साडीची शिस्त. १९८१ साली चिहुलीच्या मनात आलं की कारखान्यात आहेत ते तीनशेच्या तीनशे रंग वापरून पाहायचे. आतला आणि बाहेरचा रंग एकमेकांत मिसळून गढूळ होऊ नयेत म्हणून मध्ये पांढरा थर दिला. पहिली भांडी पाहून व्हायोलाबाईंनी त्यांचं नाव ठेवलं, 'कुरूपं'. आपण म्हणू, "काय ही ध्यानं केलीस!" जगभरच्या संग्रहालयांत गेलेल्या कामाला आईनं दिलेला हा आहेर! मला त्या बाईचा भारी लळा लागला.

आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. काचेला फुटली म्हणायचं नाही, एवढी आपण तिला जपतो. आणि नवरा गेला की तीच काच मनगटावर आपटून फोडतो. 'हे' गेले त्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी माझा हात ओढला होता. लेकीनं मध्ये हात घातला. "आईच्या बांगड्यांचं आई बघेल," एवढंच म्हणाली. त्या चार हिरव्या बांगड्या आजही माझ्या हातात आहेत. कार्याच्या घरी त्यांच्याकडे बघणारे डोळे मला कळतात. त्या दालनात, तीनशे रंगांच्या मध्ये उभी असताना, कितीतरी वेळ त्यांच्याशी चाळा करत होते हे नंतर ध्यानात आलं. व्हायोलाबाई सतराव्या वर्षाच्या पोराला घेऊन फुलझाडांना पाणी घालत होती, ते काही मनातून जाईना.

लेकीचा दुसरा फोन तिथं आला. "आई, कुठं आहेस? दीड तास तुझा ठिपका हललाच नाही नकाशावर!" म्हटलं, "अगं, बघतेय."

काचघर आणि भट्टी

दालनांतून बाहेर पडलं की चाळीस फूट उंचीचं काचघर लागतं. आत छताला टांगलेली लाल, केशरी, पिवळ्या फुलांची शंभर फूट लांब माळ, १,३४० तुकड्यांची. तिच्या मागे, छताच्या काचेतून तो मनोरा दिसतो. ऊन येऊन-जाऊन होतं, आणि ढग आला की केशरी विझून विटकरी होई, ऊन पडलं की पुन्हा पेटे. इथं माझा फोटो एका शाळकरी मुलीनं काढला. अनोळखी माणसाला फोटो काढायला सांगायचं असेल तर शाळकरी मुलं गाठावीत. ती दहा काढतात, त्यांतला एक तरी चांगला निघतो.

बाहेरच्या बागेत खरी झाडं आणि काचेची झाडं एकत्र नांदतात. ओंडक्यांवर उभे रोवलेले जांभळे काचेचे बोरू, काळ्या गवतात लाल पाती, आणि शेकडो पिवळ्या-केशरी वळशांचा एक सूर्य. जांभळ्या बोरूंत निओडिमियम नावाचं द्रव्य घालतात, त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात तीच काच निळसर दिसते. आता तुम्ही विचाराल, हे सगळं पुसतं कोण? माझ्याही मनात पहिलं तेच आलं. त्यासाठी माणसं ठेवलेली आहेत. पाऊस-बर्फाचं मात्र काचेला काही वाटत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ मी घालवला तो काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक पाहण्यात. तिकिटातच ते येतं. भट्टी सुमारे ११०० अंश सेल्सियसची. एका बाईनं लांब लोखंडी नळी आत घालून काच गुंडाळून घेतली, काकवीसारखी लोंबणारी, पिवळीधमक. नळी म्हणजे आपली फुंकणीच की! चुलीपुढं फुंकणीनं फुंकून डोळे लाल केलेल्या पिढीतली मी. त्याच फुंकरीचं काय काय होऊ शकतं हे पाहून गंमत वाटली. नळी सतत फिरवत ठेवावी लागते, हात थांबला की गोळा एका बाजूला ओघळतो. आकार द्यायला काय वापरतात माहीत आहे? पाण्यात भिजवलेला लाकडी डाव, आणि ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी, हातात नुसती धरलेली! कागद धुमसतो, पण ओला असल्यानं काच आणि तळहात यांच्यामध्ये वाफेची गादी तयार होते.

एकीनं फुंकायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, तिसरीनं भट्टीचं दार उघडायचं. सगळे एकमेकांकडे न बघता वेळेवर हजर. तयार भांडं लगेच बाहेर ठेवत नाहीत. सुमारे ५०० अंशांच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून रात्रभर सावकाश निववतात. तसं केलं नाही, तर बाहेरची काच आधी आकसते, आतली मागे राहते, आणि त्या ओढाताणीत भांडं तडकतं. जाड काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला की तो तडकतो, त्याचंही कारण हेच, फक्त उलट बाजूनं. आतली काच चटकन फुगते, बाहेरची थंडच असते. म्हणून पेला आधी कोमट पाण्यानं विसळून घ्यावा आणि थंडीत तर नक्कीच. पातळ काचेचा पेला त्या मानानं टिकतो.

जाणारणींसाठी

तिकीट महाग आहे, तीस डॉलरच्या वर. ज्येष्ठांना थोडी सूट मिळते, ती मागून घ्यावी. तिकिटावर आत जाण्याची वेळ ठरवून दिलेली असते. सकाळची पहिली किंवा दुपारी चारनंतरची घ्यावी, मधल्या वेळात गर्दी. जूनमध्ये तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी गेलं तरी अंधाराची भीती नाही, आणि दिवे लागले की काच वेगळीच दिसते म्हणतात. पायांत मऊ बूट हवेत, साडीखाली शोभत नाहीत हा विचार घरी ठेवावा. खाणं आत नेता येत नाही. मी बाहेर मोठ्या कारंज्याजवळच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पोरं कारंज्यात भिजत होती. हा बाक मात्र मी स्वतः निवडलेला होता.

बाहेर पडताना वाट दुकानातूनच आहे. कागदावर ठेवायचे छोटे काचेचे गोळेसुद्धा आपल्या हिशेबानं परवडत नाहीत. मी दोन चित्रकार्डं घेतली. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, ती पूल पाहायला ठेवा. सिॲटलहून येताना उजव्या हाताला बसलात तर हवा स्वच्छ असेल तेव्हा बर्फाचा रेनियर पर्वत दिसतो.